‘इट’ कुठे बसतं? इंग्रजी क्रियापदं आणि त्यांच्यामागचे छोटे शब्द

‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. ‘ऑफ’ही ओळखीचं असतं. तरी ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’ हे वाक्य समोर आलं की बैठक कुठे ठेवली आणि कशावरून काढली, काही उमगत नाही. ती पुढे ढकलली आहे, एवढंच त्यात सांगितलंय. ‘पुट आउट’ म्हणजे आग विझवणे, ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. चारही ठिकाणी क्रियापद तेच आहे. अर्थ फिरवतो तो त्याच्यामागचा छोटा शब्द.

अशा जोड्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव छापील पुस्तकात आलं १९२५ साली, पण अडचण त्याहून खूप जुनी. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलं होतं, की परक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच प्रकरण. तेव्हा अडखळणारे तुम्ही पहिले नाही.

साधी इंग्रजी वाक्यं वाचता येतात पण ह्या जोड्यांशी गाडी अडते, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरणं देवनागरीत दिली आहेत, ती मोठ्याने वाचावीत. सुरुवातीलाच एक खबरदारी. मराठीत लिहिताना आपण दोन वेगळे इंग्रजी शब्द ‘ऑफ’ असेच लिहून मोकळे होतो. त्यातला एका एफचा शब्द ‘चा-ची-चे’ ह्या अर्थाचा, आणि त्याचा उच्चार ‘ऑव्ह’. दोन एफचा ‘ऑफ’ सुटण्याचा, बंद होण्याचा, दूर जाण्याचा. ‘रन आउट ऑव्ह’ (संपणे) यात पहिला आहे, ‘टर्न ऑफ’ (बंद करणे) यात दुसरा. इथे ते वेगळे लिहिले आहेत. इंग्रजीत लिहिताना एक एफ कमी पडला तर वाचणारा गोंधळतो, म्हणून हा फरक आत्ताच पक्का करा.

मराठीतला जोडीदार

‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यांत फरक काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. ‘टाकलं’ म्हणताना कुणी काही फेकत नाही. खाणं पुरं झालं, काही उरलं नाही, एवढंच ते सांगतं. इंग्रजी हेच काम दुसऱ्या क्रियापदाऐवजी छोट्या शब्दाकडून करून घेते. (‘करून घेते’ हेही त्याच जातीचं.) ईट म्हणजे खाणे, ईट अप म्हणजे खाऊन टाकणे. लिहिणे म्हणजे राइट, लिहून घेणे म्हणजे राइट डाउन. फाइंड आउट म्हणजे शोधून काढणे. थ्रो अवे म्हणजे फेकून देणे, टेअर अप म्हणजे फाडून टाकणे, रन अवे म्हणजे पळून जाणे, सिट अप म्हणजे उठून बसणे, रीड थ्रू म्हणजे वाचून काढणे. ‘करत राहणे’ यातलं ‘राहणे’ इंग्रजीत बहुधा ‘ऑन’ पेलतं: कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन.

आणखी एक नातं आहे. संस्कृतातून आलेले आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द घ्या. धातू एकच, हृ. पुढे लागलेला उपसर्ग त्याला जेवणापासून विनाशापर्यंत कुठेही नेतो. इंग्रजी ‘पुट’चं तसंच आहे. फक्त तिथे उपसर्गासारखा शब्द क्रियापदाच्या मागे येतो आणि सुटा राहतो. सुटा राहतो म्हणूनच तो वाक्यात जागा बदलू शकतो, आणि घोळ तिथेच होतो.

या जुळणीवर सरसकट भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक ‘टाकणे’ म्हणजे ‘अप’ नसतं. ‘पुसून टाकणे’ हे कधी ‘वाइप ऑफ’ होतं, कधी ‘वाइप आउट’. पहिल्यात डाग जातो, दुसऱ्यात अख्खं गाव. पण ‘हा छोटा शब्द इथे काय करतोय’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला मराठी संयुक्त क्रियापद चांगली सुरुवात करून देतं. ‘अप म्हणजे वर’ असा शब्दशः अर्थ लावत बसण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

पहिली पायरी: ‘इट’ घालून बघा

व्याकरणाच्या पुस्तकांत ह्या जोड्यांचे चार-पाच प्रकार आणि त्यांची लांबलचक नावं सापडतात. नवशिक्याला ती पाठ करायची गरज नाही. कर्माच्या जागी ‘इट’ ठेवा आणि ते कुठे बसतं बघा. प्रकार आपोआप कळतो.

टर्न ऑफ हे एक उदाहरण. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. पण ‘लाइट’च्या जागी सर्वनाम आलं की एकच रस्ता उरतो: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. कारण इथला ‘ऑफ’ क्रियाविशेषण आहे. तो क्रियापदाचा माणूस, त्याच्यामागे येणाऱ्या नामाशी त्याचं देणंघेणं नाही.

आता लुक आफ्टर, म्हणजे सांभाळणे. ‘लुक आफ्टर द चाइल्ड’ बरोबर, ‘लुक आफ्टर हर’ बरोबर. ‘लुक हर आफ्टर’ कुणीच म्हणत नाही. इथला ‘आफ्टर’ आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा नामाला धरून आहे. आपलं अव्यय नामाच्या मागे लागतं आणि इंग्रजीतलं पुढे, इतकाच फरक. नामाला तो सोडणार नाही, म्हणून ‘इट’ त्याच्यानंतरच.

तिसऱ्या जातीत ‘इट’ला जागाच नसते: वेक अप (जागं होणे), ग्रो अप (मोठं होणे), ब्रेक डाउन (यंत्र बंद पडणे), सेट ऑफ (निघणे). ही अकर्मक. ‘द कार ब्रोक डाउन’ इथे वाक्य पुरं झालं.

चौथ्या जातीत दोन छोटे शब्द एकापाठोपाठ येतात: पुट अप विथ इट (सहन करणे), रन आउट ऑव्ह इट (संपणे), लुक फॉरवर्ड टू इट (आतुरतेने वाट बघणे), कम अप विथ इट (सुचणे), गेट अवे विथ इट (करून नामानिराळं सुटणे). ‘इट’ नेहमी अगदी शेवटी. मध्ये काही शिरत नाही.

कान तयार असेल तर आणखी एक खूण मिळते. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक ॲट इट’ म्हणताना ‘लुक’वर पडतो आणि ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो. क्रियाविशेषण ठासून बोललं जातं, नामाला धरून राहणारा शब्द हलका. तिहेरी जोडीत दोन्ही दिसतात: ‘पुट अप विथ इट’मध्ये ‘अप’ जोरात, ‘विथ’ हलकं. ऐकताना हे हलके शब्द कानावरून निसटतात आणि मग लिहिताना गळतात. बऱ्याच चुकांचं मूळ व्याकरणात नसून कानात असतं.

‘इट’ किती कामाचं आहे ते ह्या दोन वाक्यांत दिसेल: ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. वरवर सारखी. पण टेकडीवर तो ‘रॅन अप इट’, धावत चढला. बिल मात्र त्याने ‘रॅन इट अप’, म्हणजे वाढवून ठेवलं. किंवा ‘आय सॉ थ्रू हिम’ आणि ‘आय सॉ हिम थ्रू’. पहिल्यात मी त्याचं ढोंग ओळखलं, दुसऱ्यात अडचणीच्या काळात शेवटपर्यंत त्याला साथ दिली. शब्द तेच, ‘हिम’ची जागा बदलली आणि दोन टोकांची विधानं झाली.

दोन बारकावे. कर्म लांबलचक असेल तर छोटा शब्द क्रियापदाजवळच ठेवावा: ‘शी टर्न्ड डाउन ऑल द ऑफर्स दॅट केम लास्ट वीक’. इथे ‘डाउन’ शेवटी नेला तर तो येईपर्यंत ऐकणारा वाक्याचा धागा विसरतो. याउलट काही जोड्या कर्माला कायम मध्येच घेतात. ‘टेल द ट्विन्स अपार्ट’ (जुळ्यांतला फरक ओळखणे) हे ‘टेल अपार्ट द ट्विन्स’ होत नाही. अशा थोड्याच आहेत, भेटतील तशा टिपून ठेवा.

दुसरी पायरी: छोट्या शब्दांचा कल

प्रत्येक जोडी सुटी पाठ करायची म्हटलं तर जन्म पुरणार नाही. छोट्या शब्दांना स्वभाव असतो. तो नियमाइतका पक्का नाही, पण अंदाज बांधायला पुरतो.

‘अप’ सगळ्यात जास्त भेटतो, म्हणून त्याला जास्त वेळ द्या. त्याचा एक कल वाढण्याकडे: स्पीड अप (वेग वाढवणे), चिअर अप (मन प्रसन्न होणे), स्पीक अप (मोठ्याने बोलणे). दुसरा कल काम तडीस नेण्याकडे: यूज अप (वापरून संपवणे), ड्रिंक अप (पिऊन टाकणे), फिल अप (काठोकाठ भरणे). तिसरा, जवळ येण्याकडे किंवा समोर उभं राहण्याकडे: टर्न अप (येऊन हजर होणे), कम अप (विषय निघणे), शो अप (उगवणे). चौथा, उभारण्याकडे: सेट अप (स्थापन करणे), मेक अप (रचणे). नवीन ‘अप’ दिसला की हे चार अर्थ लावून बघा, बहुतेक वेळा एक तरी बसतो. ‘गिव्ह अप’ (सोडून देणे) यात मात्र एकही नीट बसत नाही. ते तसंच पाठ करायचं.

‘डाउन’ कमी करतो किंवा थांबवतो: स्लो डाउन, काम डाउन (शांत होणे), शट डाउन. कागदावर उतरवण्याचं कामही त्याचंच: राइट डाउन, नोट डाउन. आपणही टिपण ‘उतरवून’ घेतो, तेव्हा हा अर्थ परका वाटायचं कारण नाही.

‘ऑफ’ तोडतो आणि निघतो: कट ऑफ (तोडणे), कॉल ऑफ (रद्द करणे), सेट ऑफ (निघणे), सी समवन ऑफ (निरोप द्यायला जाणे). ‘आउट’ आतलं बाहेर आणतो, म्हणून त्याला उलगडण्याचा अर्थ येतो: फाइंड आउट, वर्क आउट, फिगर आउट. वाटण्याचाही येतो, जसं हँड आउट. आणि संपण्याचाही: रन आउट, सेल आउट. ‘ओव्हर’ पुन्हा नजर फिरवतो (गो ओव्हर, थिंक ओव्हर), नाहीतर ताबा एकाकडून दुसऱ्याकडे देतो (हँड ओव्हर, टेक ओव्हर). ‘अवे’ म्हणजे दूर, ‘बॅक’ म्हणजे परत. यांत फार गूढ नाही.

विरुद्ध शब्द लावला की अर्थ विरुद्ध होईलच, असं धरू नका. ‘टर्न अप द व्हॉल्यूम’ आणि ‘टर्न डाउन द व्हॉल्यूम’ विरुद्ध आहेत. पण ‘फिल इन अ फॉर्म’ आणि ‘फिल आउट अ फॉर्म’ दोन्हींचा अर्थ एकच, अर्ज भरणे. ‘बर्न अप’ आणि ‘बर्न डाउन’ दोन्हींत वस्तू जळूनच जाते, फक्त इमारतीसाठी ‘डाउन’ म्हणतात, कारण जळून ती खाली येते. आणि ‘पुट ऑन’ म्हणजे कपडे घालणे असलं तरी कपडे काढणे हे ‘पुट ऑफ’ नाही, ‘टेक ऑफ’ आहे. ही चूक फार जणांकडून होते.

तिसरी पायरी: अर्थ कर्माला विचारा

‘टेक ऑफ’चे अर्थ कोशात उघडले की रांगच लागते. पण वाक्यात गोंधळ होत नाही, कारण शेजारचा शब्द निवाडा करतो. ‘टेक ऑफ युअर शूज’मध्ये बूट आहेत, म्हणजे काढणे. ‘द प्लेन टुक ऑफ’मध्ये कर्मच नाही आणि कर्ता विमान, म्हणजे उड्डाण. ‘टेक अ डे ऑफ’मध्ये दिवस आहे, म्हणजे सुटी. ‘टर्न डाउन’समोर आवाज असेल तर कमी करणे, प्रस्ताव असेल तर नाकारणे. ‘मेक अप अ स्टोरी’ म्हणजे गोष्ट रचणे, ‘मेक अप युअर माइंड’ म्हणजे मनाशी ठरवणे. ‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’ म्हणजे वाया गेलेला वेळ भरून काढणे. ‘मेक अप विथ अ फ्रेंड’ म्हणजे मित्राशी झालेलं भांडण मिटवणे.

म्हणून ‘मेक अप म्हणजे काय’ हा प्रश्न अर्धवट आहे. कर्मासकट विचारा, कर्मासकट लक्षात ठेवा.

चौथी पायरी: मराठीतून येणाऱ्या चुका

इथे थोडं थांबू, कारण चुका सगळ्यांत जास्त इथे होतात, आणि त्या ठरावीक असतात.

पहिली जात: छोटा शब्द गाळणे. ‘माझं ऐक’ यात ‘ऐक’च्या अलीकडे-पलीकडे काही नाही, म्हणून ‘लिसन मी’ तोंडून जातं. हवं ‘लिसन टू मी’. ‘त्याची वाट बघ’ हे ‘वेट हिम’ होतं; हवं ‘वेट फॉर हिम’. ‘सर्च द की’ यातून किल्लीचीच झडती घेतल्यासारखा अर्थ निघतो. किल्ली शोधायची तर ‘सर्च फॉर द की’. झडती घ्यायची ती खोलीची, ‘सर्च द रूम’. ‘एक्सप्लेन मी’ही असंच. ‘मला समजावून सांग’ हे ‘एक्सप्लेन इट टू मी’.

वाक्य वळवलं की गळती वाढते. ‘बसायला खुर्ची’ यात मराठीत ‘वर’ येत नाही. इंग्रजीत ‘अ चेअर टु सिट ऑन’, शेवटचं ‘ऑन’ ठेवावंच लागतं. तसंच ‘अ पेन टु राइट विथ’, ‘समथिंग टु टॉक अबाउट’. कर्मणी प्रयोगातही छोटा शब्द मागे उरतो: ‘द मॅटर इज बीइंग लुक्ड इन्टू’ (प्रकरणाची चौकशी चालू आहे). वाक्य ‘इन्टू’वर संपलेलं विचित्र वाटतं, म्हणून हात आखडतो. आखडू नका. तो शब्द काढला तर क्रियापदाचा अर्थच जातो.

दुसरी जात उलटी: नको तिथे शब्द घुसवणे. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसाइज ऑन’, ‘मॅरी विथ’, ‘एंटर इन्टू द रूम’ ही सगळी चूक. कारण मजेशीर आहे. ह्याच शब्दांची नामं छोटा शब्द घेतात आणि क्रियापदं घेत नाहीत. ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’ बरोबर, क्रियापद मात्र ‘डिस्कस द प्लॅन’. ‘अ रिक्वेस्ट फॉर हेल्प’, पण ‘रिक्वेस्ट हेल्प’. ‘एम्फसिस ऑन’, पण ‘एम्फसाइज इट’. ‘अ व्हिजिट टू द म्यूझियम’, पण ‘व्हिजिट द म्यूझियम’. नामाची शेपूट क्रियापदाला चिकटते आणि चूक होते. इथेही ‘इट’ लावून बघा: ‘वी डिस्कस्ड इट’, संपलं. ‘एंटर इन्टू’ एका ठिकाणी बरोबर असतं, ‘एंटर इन्टू ॲन ॲग्रीमेंट’, करार करणे. खोलीत शिरताना ते लागत नाही.

‘कोप अप विथ’ हाही इथलाच. हवं ‘कोप विथ’. ‘कीप अप विथ’ (बरोबरीने टिकणे) आणि ‘पुट अप विथ’ यांच्या वजनावर तो ‘अप’ येऊन बसतो. ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिप्लाय बॅक’मध्ये ‘बॅक’ फुकट आहे, परतण्याचा अर्थ क्रियापदातच आहे.

तिसरी जात: मराठी प्रत्ययाचं सरळ भाषांतर. आपण ‘त्याच्यावर’ रागावतो, इंग्रजीत ‘अँग्री विथ हिम’. आपण कुत्र्या‘ला’ भितो, इंग्रजीत ‘अफ्रेड ऑव्ह डॉग्ज’. गणिता‘त’ हुशार हे ‘गुड ॲट मॅथ्स’. त्या‘ला’ हसणे हे ‘लाफ ॲट हिम’. कधी दोन्ही भाषांचं जुळतं. ‘वर अवलंबून’ आणि ‘डिपेंड ऑन’, ‘वर लक्ष केंद्रित करणे’ आणि ‘कॉन्सन्ट्रेट ऑन’. जुळतं तिथे आनंद माना, पण त्यावरून नियम काढू नका.

चौथी जात मराठीत घुसलेल्या इंग्रजीची. ‘फॅन ऑन कर’ हे वाक्य आता मराठीच झालंय. ते परत इंग्रजीत नेताना ‘ऑन द फॅन’ होतं. इंग्रजीत ‘ऑन’ हे क्रियापद नाही, पुढे ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागतंच. तसंच ‘कॉल कट केला’ हे ‘कट द कॉल’ होतं. रूढ इंग्रजीत फोन ठेवणे म्हणजे ‘हँग अप’, आणि कुणाचं बोलणं अर्धवट तोडून ठेवणे म्हणजे ‘हँग अप ऑन समवन’.

पाचवी चूक ‘टू’ची. ‘आय लुक फॉरवर्ड टु मीट यू’ हे पत्रांच्या शेवटी सर्रास दिसतं. हवं ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. इंग्रजीत दोन ‘टू’ आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो (वॉन्ट टु गो), दुसरा नामाला धरून. ओळखायचे कसे? ‘इट’ लावा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे पुरं वाक्य आहे, म्हणजे हा नामाचा ‘टू’, आणि त्यानंतर क्रियापद आलं तर ‘इंग’ लावून. ‘आय वॉन्ट टू इट’ होत नाही, म्हणून तिथे ‘इंग’ नाही. ‘बी यूज्ड टू’ (सवय असणे) आणि ‘ऑब्जेक्ट टू’ (हरकत घेणे) हे ‘लुक फॉरवर्ड टू’च्या गटातले: ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’. एकट्या ‘यूज्ड टु’चं, म्हणजे ‘पूर्वी करत असे’ ह्या अर्थाचं, मात्र उलट आहे: ‘आय यूज्ड टु वेक अप अर्ली’. अलीकडे ‘बी’चं रूप आहे की नाही, एवढं बघायचं.

नामं झालेल्या जोड्या

बॅकअप, लॉगिन, सेटअप, फॉलोअप, चेकआउट, वर्कआउट हे शब्द मराठी बोलण्यात नाम म्हणून रुळले आहेत, आणि त्यामुळेच इंग्रजी लिहिताना फसवतात. नाम असताना ते एकत्र किंवा जोडरेघेने लिहितात आणि जोर पहिल्या भागावर पडतो. क्रियापद असताना सुटे लिहितात: ‘प्लीज लॉग इन’, ‘बॅक अप द फाइल्स’. भूतकाळ करताना बदल क्रियापदातच होतो: ‘लॉग्ड इन’, ‘बॅक्ड अप’. छोटा शब्द कधीही रूप बदलत नाही. म्हणून ‘ही गिव्ह अप्स’ नव्हे, ‘ही गिव्ह्ज अप’. नामांतही काही ठिकाणी हा बाणा टिकलाय. एकाहून अधिक वाटसरू ‘पासर्स-बाय’ असतात आणि दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू ‘रनर्स-अप’.

काही नामांत क्रम उलटतो. ब्रेक आउट (रोग, आग, युद्ध अचानक सुरू होणे) याचं नाम आउटब्रेक. ‘इन्पुट’, ‘अपकीप’ हेही तसेच.

कोणत्या लिखाणात कोणती वापरायची

‘फ्रेजल व्हर्ब म्हणजे बोलीभाषा, औपचारिक पत्रात टाळावी’ असा सल्ला फिरत असतो. तो अर्धाच खरा आहे. ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘लुक इन्टू’ऐवजी ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘पुट अप विथ’ऐवजी ‘टॉलरेट’ लिहिलं तर मजकूर भारदस्त होतो, हे खरं. (गंमत म्हणजे ‘पोस्टपोन’ची लॅटिन फोड ‘नंतर ठेवणे’ अशीच आहे, उपसर्ग पुढे लावून केलेला ‘पुट ऑफ’च तो.) पण ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘अकाउंट फॉर’ ह्या जोड्या गंभीर अहवालांतही असतात. बोलताना मात्र उलटी काळजी घ्या. मित्राला ‘आय शॅल टॉलरेट इट’ म्हणाल तर तो चमकून बघेल.

वही आणि कोश

कोशात ह्या जोड्या क्रियापदाखाली शोधा, नोंदीच्या शेवटी बहुधा त्यांचा स्वतंत्र गट असतो. तिथे ‘एसबी’ म्हणजे समबडी, ‘एसटीएच’ म्हणजे समथिंग. ती अक्षरं कुठे छापली आहेत ते नीट बघा, ‘इट’ची जागा तीच. काही कोश मध्ये दुहेरी बाण दाखवतात. त्याचा अर्थ, कर्म मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे चालेल.

वहीत ‘टर्न ऑफ = बंद करणे’ असं लिहू नका. ‘टर्न इट ऑफ’ लिहा. ‘लुक आफ्टर इट’, ‘पुट अप विथ इट’ लिहा. अकर्मक असेल तर कर्ता घालून, ‘द कार ब्रोक डाउन’. जोडी, जात आणि शब्दक्रम एकाच ओळीत येतात. त्याखाली स्वतःचं एक वाक्य, नेहमीचं कर्म घालून. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर संयुक्त क्रियापद शोधा, ‘संपणे’पेक्षा ‘संपत येणे’ की ‘संपून जाणे’ ते ठरवा.

दिवसाला दोन जोड्या पुरेत. एखाद-दोन दिवस सुटले तरी आठवड्याच्या दहा-बारा होतात, त्याहून जास्त डोक्यात राहत नाहीत. एकाच दिवशी ‘टेक’च्या सगळ्या जोड्या घेऊन बसण्याची पद्धत पुष्कळ पुस्तकांत दिसते. ती टाळा. टेक ऑफ, टेक ऑन, टेक इन, टेक ओव्हर एकमेकांत मिसळतात आणि चारही हातचे जातात. त्यापेक्षा एका प्रसंगाच्या घ्या, जसं प्रवासाच्या: सेट ऑफ, गेट ऑन, गेट ऑफ, पिक समवन अप, ड्रॉप समवन ऑफ. बस, ट्रेन, विमान यांत चढताना ‘गेट ऑन’, पण मोटारीत बसताना ‘गेट इन’ आणि उतरताना ‘गेट आउट ऑव्ह’, हेही त्याच पानावर. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे बहुधा ‘ऑन’.

आठवड्याच्या शेवटी मराठी बाजू उघडी ठेवून इंग्रजी बाजू झाका आणि ‘इट’सकट मोठ्याने म्हणा. जी जोडी सलग तीन आठवडे न अडखळता येईल तिच्यावर काट मारा. जी दोनदा चुकेल तिच्यासाठी नवं वाक्य लिहा, कारण जुनं वाक्य तुम्ही पाठ केलेलं असतं आणि जोडी निसटलेली असते.